एका झुडपाभोवती उभारलेली गढी

28 मे 2025 रोजी इजिप्तमधल्या इस्माइलिया इथल्या अपील न्यायालयानं एक निकाल दिला आणि पलीकडे ग्रीसमध्ये गदारोळ उडाला. खटला होता सीनाय द्वीपकल्पातल्या सेंट कॅथरीन मठाच्या जमिनींचा. न्यायालय म्हणालं की जमीन आणि आसपासची धार्मिक-पुरातत्त्वीय ठिकाणं सरकारी मालमत्ता आहेत, आणि मठाला ती वापरण्याचा हक्क आहे. अथेन्सच्या आर्चबिशपांनी जाहीर संताप व्यक्त केला. इजिप्त सरकारनं खुलासा केला की मठाच्या पावित्र्याला धक्का लागणार नाही.

आपल्याकडे ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. चार ओळींतून प्रश्नच जास्त निघतात. इजिप्तच्या डोंगराळ वाळवंटात ग्रीक संन्यासी काय करतायत? इजिप्त मुस्लिमबहुल देश, मग हा मठ इतकी शतकं टिकला कसा? आणि त्याच्या तटाच्या आत मशीद आहे, ती कोणी बांधली? या सगळ्याची उत्तरं त्या इमारतीतच आहेत. तिची रचना नीट पाहिली की इतिहास आपोआप उलगडत जातो. म्हणून निकालाकडे शेवटी येऊ, आधी इमारत पाहू.

बायझंटाईन म्हणजे नेमकं कोण?

हा शब्द एकदाच समजून घेऊ. रोमन साम्राज्याची नवी राजधानी इ.स. 330 मध्ये कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, इथं झाली. पुढे पश्चिमेकडचं रोम कोसळलं, पण पूर्वेकडचं राज्य आणखी जवळजवळ हजार वर्षं चाललं. तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत, बोलत मात्र ग्रीक. 'बायझंटाईन' हे नाव त्यांना नंतरच्या काळातल्या युरोपीय अभ्यासकांनी दिलं. म्हणजे ज्यांना आपण बायझंटाईन म्हणतो त्यांनी आपल्या राज्याला हे नाव कधी दिलंच नाही.

आपला मठ या राज्याच्या सुरुवातीच्या काळातला, सहाव्या शतकातला. तेव्हा सम्राट होता जस्टिनियन (राज्यकाळ 527 ते 565). इस्तंबूलची प्रसिद्ध हागिया सोफिया याच्याच हुकमानं 532 ते 537 या पाच वर्षांत उभी राहिली. हा जोड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संन्यासी आणि तटबंदी, हे जमतं कसं?

ख्रिस्ती संन्यासाची परंपरा मुळात इजिप्तचीच. तिसऱ्या-चौथ्या शतकात अँथनी नावाचा एक माणूस घरदार विकून वाळवंटात एकटा राहायला गेला आणि त्याच्यामागे शेकडो गेले. एकट्यानं राहण्याचे धोके लवकरच लक्षात आले: उपासमार, आजारपण, लुटारू आणि स्वतःचंच मन. मग पाखोमियस यानं सुमारे 320 च्या सुमारास नाईल नदीकाठी संन्याशांची एकत्र वस्ती वसवली. एक भिंत, एक स्वयंपाकघर, ठरलेल्या वेळी प्रार्थना, प्रत्येकाला काम. मठाची कल्पना इथून रुजली.

अजिंठा, कार्ले किंवा नाशिकची पांडवलेणी पाहिलेल्या माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. फिरते भिक्षू पावसाळ्यापुरते एकत्र थांबू लागले आणि त्यातून विहार उभे राहिले, ही गोष्ट आपल्या सह्याद्रीत याच्या कितीतरी आधी घडली होती. कारणं वेगळी होती, पण मधल्या चौकाभोवती खोल्या, प्रार्थनेची वेगळी जागा आणि पाण्याची सोय हा आराखडा दोन्हीकडे सारखाच निघाला.

सीनायच्या डोंगरांत असे एकटे-दुकटे संन्यासी चौथ्या शतकापासून राहत होते. ते तिथंच का गेले, याचं उत्तर आहे एक झुडूप.

आधी झुडूप, मग भिंती

बायबलच्या निर्गम या पुस्तकातली कथा अशी. मोशे, म्हणजे मुसलमानांचे हजरत मूसा, सासऱ्याची मेंढरं चारत असताना त्याला एक झुडूप जळताना दिसलं, पण ते जळून खाक होत नव्हतं. त्यातून देवाचा आवाज आला: पायातली पायताणं काढ, ही भूमी पवित्र आहे. पुढे याच डोंगरावर त्याला दहा आज्ञा मिळाल्या.

हा डोंगर नेमका कुठला, यावर चौथ्या शतकापासून चालत आलेली परंपरा जबल मूसा या 2,285 मीटर उंचीच्या शिखराकडे बोट दाखवते. त्याआधीचा पुरावा हाती नाही. इतिहासकार इथं थांबतात, भाविक पुढे जातात. आपल्या लेखापुरतं महत्त्वाचं इतकंच, की 380 च्या दशकात एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून इथवर आली, तेव्हा संन्याशांनी तिला एका बागेत ते झुडूप दाखवलं होतं आणि शेजारी एक चर्चही होतं. तिनं हे सगळं पत्ररूपानं लिहून ठेवलं. म्हणजे जस्टिनियनच्या दीडशे वर्षं आधी झुडूप होतं, बाग होती, पाणी होतं, माणसं होती. फक्त तट नव्हता.

तटाशिवाय राहणं महागात पडत होतं. टोळ्यांचे हल्ले होत, संन्याशांची कत्तल झाल्याच्या आठवणी त्या भागात आजही सांगतात. जस्टिनियनच्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की सम्राटानं इथं देवमातेचं, मरियेचं, चर्च बांधलं आणि डोंगराच्या पायथ्याशी मजबूत किल्ला उभारून शिबंदी ठेवली, म्हणजे वाळवंटातल्या टोळ्यांना इथून चोरवाटेनं पॅलेस्टाईनमध्ये घुसता येऊ नये.

किल्ला असा खड्ड्यात कोण बांधतं?

ही शंका महाराष्ट्रातल्या कोणत्याही ट्रेकरला पहिल्या मिनिटात येईल. राजगड, रायगड, हरिश्चंद्रगड पाहिलेला माणूस इथं उभा राहिला तर म्हणेल, अहो, दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत, वरून कोणी धोंडे लोटले तरी थेट आत पडतील. आणि तो बरोबर असेल. मठ एका अरुंद खोऱ्याच्या तळाशी आहे. सामरिकदृष्ट्या इतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही.

ही शंका जुनीच आहे. दहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू युटिकियस यानं एक कथा नोंदवली. बांधकामावरचा अधिकारी राजधानीला परतला तेव्हा सम्राटानं विचारलं, डोंगराच्या माथ्यावर का नाही बांधलंस? तो म्हणाला, वर पाणी नाही, आणि झुडूप खाली आहे. सम्राटानं त्याचं डोकं उडवलं. कथा बहुधा रचलेलीच असावी, पण ती रचणाऱ्याला मुद्दा अचूक कळला होता. जागा निवडणं माणसाच्या हातात नव्हतंच. झुडपाला माथ्यावर नेता येत नाही. विहिरीलाही नाही.

म्हणून याला किल्ला म्हणण्यापेक्षा गढी म्हणणं मला जास्त पटतं. गावातल्या गढीला मोठ्या फौजेशी लढायचं नसतं. चार-दोन दिवस लुटारूंना दाराबाहेर ठेवलं की तिचं काम झालं. इथला तट तेवढ्यासाठी पुरेसा होता. वेड्यावाकड्या चौकोनाची एक बाजू साधारण 80 मीटर, भिंती जाडजूड, जवळच्याच डोंगरातल्या ग्रॅनाईटच्या चिऱ्यांच्या. खोऱ्याला उतार असल्यानं त्या एका अंगाला बुटक्या तर दुसऱ्या अंगाला उंच दिसतात. मूळ दरवाजा पश्चिमेला होता आणि त्याच्या डोक्यावर भिंतीबाहेर काढलेला एक सज्जा होता, वरून हल्लेखोरांवर उकळतं काहीतरी ओतण्यासाठी.

पुढे धास्ती इतकी वाढली की दरवाजा चिणूनच टाकला. मग कित्येक शतकं आत जायचा मार्ग म्हणजे तटावरून सोडलेला दोर. माणूस असो की धान्याचं पोतं, गडगड्यानं वर ओढून घ्यायचं. नव्यानं आलेल्या पाहुण्याला मोटेसारखं वर खेचताना वरून पहिलं वाक्य काय येत असेल, असा विचार मनात येऊन जातो. ते लाकडी ओढणं आजही तटावर आहे.

तटाचा मोठा शत्रू टोळीवाले नव्हतेच, तो होता पाऊस. वर्षातून क्वचित पडणारा, पण पडला की खोऱ्यातून लोंढा आणणारा. अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडची भिंत अशीच खचली आणि ती दुरुस्त केली नेपोलियनच्या इजिप्तमधल्या सैन्यानं.

आत शिरल्यावर काय दिसतं

मठाचं मुख्य चर्च आवाराच्या मधोमध नाही. ते ईशान्येकडच्या सखल भागात आहे आणि त्याच्याकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. आपण देवळाकडे चढून जातो, इथं उतरायचं. कारण पुन्हा तेच, झुडूप त्या बाजूला होतं. चर्चचा गाभारा पूर्वेला असतो आणि झुडूप बरोबर त्या गाभाऱ्यामागे येईल अशा बेतानं अख्खी इमारत आखली गेली. सुरुवातीला ते मागच्या लहानशा अंगणात मोकळं होतं. नंतर मुळांच्या जागी वेदी आली, वर एक छोटं प्रार्थनास्थळ बांधलं गेलं आणि झुडूप पलीकडे तटाकडे वाढत राहिलं. त्या खोलीत आजही पायताणं काढूनच जावं लागतं. युरोपीय प्रवासी हे मोठ्या नवलानं नोंदवतात. आपल्याला नवल एवढंच, की बाकीच्या चर्चमध्ये काढत नाहीत.

या चर्चचा प्रकार म्हणजे बॅसिलिका. दुसरा आणि शेवटचा अवघड शब्द. कार्ल्याचं चैत्यगृह आठवा: लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, रांगांच्या पलीकडे चिंचोळी वाट आणि टोकाला अर्धगोल. बॅसिलिकेचा नकाशा जवळजवळ असाच असतो, फक्त अर्धगोलात स्तूपाऐवजी वेदी. इथं प्रत्येक बाजूला सहा असे बारा खांब आहेत. प्रत्येक खांब एकाच ग्रॅनाईटच्या शिळेतून काढलेला, आणि प्रत्येकाच्या डोक्यावरचं नक्षीकाम वेगळं. बारा खांबांचे बारा महिने मानले जातात. त्या-त्या महिन्यातल्या संतांची चित्रं त्या-त्या खांबावर टांगलेली असतात. भिंतीवरच्या कॅलेंडरची जागा खांबांनी घेतलीय म्हणा.

इथं हागिया सोफियाचा जोड आठवा. तोच सम्राट, तोच काळ. तिकडे आकाशात तरंगल्यासारखा वाटणारा प्रचंड घुमट, इकडे साधं उतरतं लाकडी छप्पर. दरिद्रीपणा म्हणून नव्हे. राजधानीत जगभरचे कारागीर आणि साहित्य हाताशी होतं. इथं शेकडो मैलांवरून सगळं उंटावर लादून आणायचं होतं. दगड डोंगराचा घेतला, लाकूड बाहेरून आणलं, आणि बांधणारा जवळचा मिळाला.

छपराकडे मात्र मुद्दाम थांबायला हवं. सुतार ज्याला कैची म्हणतात, त्या त्रिकोणी कैच्यांवर हे छप्पर तोललेलं आहे आणि त्या मूळच्या, सहाव्या शतकातल्या आहेत. इतक्या जुन्या आणि अजूनही छप्पर पेलणाऱ्या कैच्या जगात फार थोड्या उरल्यात. कोणी म्हणेल, कार्ल्याच्या सागवानी फासळ्या याहून जुन्या आहेत. आहेतच. पण त्या कोरीव डोंगराखाली शोभेसाठी बसवल्यात, त्यांच्यावर छपराचा भार नाही. इथल्या कैच्या भार वाहतायत. मध्यभागी जाणारा मोठा लाकडी दरवाजाही त्याच काळातला आहे. म्हणजे सहाव्या शतकातल्या माणसानं ढकललेलं दार आज आपण ढकलू शकतो.

तारीख कशी कळली?

या मठाचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

अठराव्या शतकात चर्चला आतून सपाट छत बसवलं आणि जुन्या तुळया त्यावर झाकल्या गेल्या. 1950 आणि 60 च्या दशकांत मिशिगन, प्रिन्सटन आणि अलेक्झांड्रिया विद्यापीठांच्या मोहिमेनं इथला इंच न इंच मोजला, तेव्हा छतावरच्या काळोखातल्या तुळयांचाही नीट अभ्यास झाला. तुळयांवर प्राण्यांची आणि वेलबुट्टीची नक्षी आहे आणि ग्रीक भाषेतले लेख आहेत. एका लेखात सम्राट जस्टिनियनच्या कल्याणासाठी प्रार्थना आहे. दुसऱ्यात सम्राज्ञी थिओडोराच्या स्मृतीसाठी आणि चिरविश्रांतीसाठी. तिसऱ्यात बांधणाऱ्या स्टेफानोस याच्यासाठी देवाकडे दया मागितली आहे.

आता आपल्या गावच्या देवळातली फरशी आठवा. 'श्री. अमुक यांजकडून, कै. सौ. अमुक यांच्या स्मरणार्थ'. ही एक ओळ वाचली की फरशी कधी बसली याचा अंदाज लागतो: बाई गेल्यानंतर आणि गृहस्थ हयात असताना. इथं अगदी तेच घडलंय. थिओडोरा वारली 548 मध्ये, जस्टिनियन 565 मध्ये. तिच्या नावामागे जणू 'कै.' आहे, त्याच्या मागे 'श्री.'. म्हणजे छप्पर 548 ते 565 या सतरा वर्षांत चढलं. एका विशेषणानं कालनिर्णय केला.

स्टेफानोस हा ऐला गावचा, म्हणजे आजच्या अकाबाच्या भागातला. राजधानीतून आलेला नामांकित वास्तुविशारद नव्हे, शेजारच्या बंदरगावातला गवंडी-मुकादम. सम्राट आणि सम्राज्ञीच्या जोडीनं त्यानं आपलंही नाव तुळईवर कोरून घेतलं. युटिकियसच्या कथेतल्या, डोकं उडवलेल्या अधिकाऱ्याच्या शेजारी हा खरा माणूस ठेवून पाहावा.

गाभाऱ्यावरचं सोनेरी चित्र

गाभाऱ्याच्या अर्धघुमटात काचेच्या आणि दगडाच्या बारीक तुकड्यांनी घडवलेलं मोठं चित्र आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर मध्ये शुभ्र वस्त्रातला येशू, त्याच्या दोन बाजूंना मोशे आणि एलिया (बायबलमधला एक संदेष्टा), पायाशी भांबावलेले तीन शिष्य: पेत्र, याकोब, योहान. शिष्यांसमोर येशूचं रूप तेजानं पालटलं, तो हा प्रसंग.

इथं हाच प्रसंग का? मोशे आणि एलिया हे दोघेही याच डोंगरावर देवाला भेटायला आले होते अशी श्रद्धा आहे, आणि दोघांनाही त्याचा चेहरा दिसला नव्हता. या प्रसंगात ते दोघे त्याच्या शेजारी उभे आहेत. डोंगरावर अर्धी राहिलेली गोष्ट गाभाऱ्यात पुरी केली आहे. वरच्या भिंतीवर मोशे पायताण सोडताना आणि आज्ञा घेताना दिसतो, आणि त्याच भिंतीमागे ते झुडूप. चित्र आणि जागा यांची इतकी घट्ट गाठ क्वचित पाहायला मिळते.

इटलीतल्या राव्हेना शहरात याच काळात केलेल्या अशाच चित्रात जस्टिनियन लवाजम्यासह स्वतः उभा आहे. इथं चर्च त्याचं, पण चित्रातल्या नोंदींत नावं आहेत मठाधिपती लोंगिनोस आणि योहान नावाच्या डीकनची, म्हणजे चर्चमधल्या कनिष्ठ धर्मसेवकाची.

मुसलमानी राजवटीत हे सगळं वाचलं कसं?

सातव्या शतकात हा प्रदेश अरबांच्या ताब्यात गेला. मठाकडे एक दस्त आहे. परंपरा सांगते की खुद्द पैगंबर मुहंमदांनी मठाला अभय देणारं हे पत्र दिलं आणि लिहिता येत नसल्यानं त्यावर हाताचा पंजा उमटवला. मूळ पत्र 1517 मध्ये ऑटोमन सुलतान सेलीम यानं इस्तंबूलला नेलं आणि मठाला नक्कल दिली, असंही सांगतात.

पत्र अस्सल आहे का? बहुतेक इतिहासकारांना शंका आहे. पण इथं एक बारकावा आहे. पुढच्या अनेक मुस्लिम शासकांनी ते अस्सल मानून मठाला संरक्षण दिलं. ज्याला सगळे मान देतात त्या कागदाचा परिणाम खराच असतो, शाई कधीची का असेना. शिवाय मूसा हे ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तिन्ही धर्मांचे. मुसलमानालाही या डोंगराचं पावित्र्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आवारातली मशीद फातिमी काळातली, म्हणजे इजिप्तवर फातिमी या मुस्लिम घराण्याचं राज्य असतानाची आहे. तिच्या लाकडी मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या आसनावर, इ.स. 1106 ची नोंद आहे. चर्चच्या घंटाघराशेजारीच तिचा मिनार उभा आहे. मजा अशी की मिनार घंटाघरापेक्षा कितीतरी जुना. घंटाघर 1871 चं, आणि त्यातल्या घंटा रशियाच्या झारनं पाठवलेल्या. मठाची राखण आणि कामधाम पिढ्यान्‌पिढ्या पाहणारे जबालिया टोळीचे बदू (वाळवंटातले अरब) स्वतःला जस्टिनियननं इथं वसवलेल्या सैनिकांचे आणि सेवकांचे वंशज मानतात. ते मुसलमान आहेत.

आणखी एक उलटा न्याय पाहा. 726 नंतर खुद्द बायझंटाईन सम्राटांनीच धर्मचित्रांवर बंदी आणली. चित्रपूजा ही मूर्तिपूजा ठरवून साम्राज्यभर चित्रं पुसली, फोडली, जाळली. मधला काही काळ सोडला तर हे 843 पर्यंत चाललं. सीनाय तेव्हा खलिफांच्या राज्यात होतं, त्यामुळे ख्रिस्ती सम्राटाचा हुकूम इथं पोचलाच नाही. त्या बंदीपूर्वीची जी मोजकी चित्रं जगात उरली, त्यांतली बरीचशी या मठात आहेत. त्यातलं सहाव्या शतकातलं येशूचं एक चित्र वितळलेल्या मेणात रंग कालवून काढलेलं आहे. त्याच्या चेहऱ्याचा अर्धा भाग हाताने झाका. एक बाजू शांत दिसते. मग दुसरा भाग झाका, दुसरी बाजू कठोर. एकाच व्यक्तीत माणूस आणि देव दोन्ही, हे चित्रकारानं असं सांगितलं असावं, असा त्याचा अर्थ लावतात.

कॅथरीन कुठून आली?

ती बरीच उशिरा आली. चर्च मुळात मरियेचं. कॅथरीन ही अलेक्झांड्रियाची विदुषी, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला धर्मासाठी मारली गेली, आणि देवदूतांनी तिचा देह जवळच्या शिखरावर आणून ठेवला, अशी कथा आहे. ती खरोखर होऊन गेली का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण अकराव्या शतकानंतर युरोपात तिची भक्ती इतकी पसरली की यात्रेकरू तिच्या नावानं येऊ लागले आणि मठाला तेच नाव चिकटलं. इजिप्तचं सर्वांत उंच शिखरही आता तिच्याच नावानं ओळखतात.

हस्तलिखितं, आणि एक पावती

मठाच्या ग्रंथालयात तीन हजारांवर हस्तलिखितं आहेत: ग्रीक, अरबी, सुरियानी, जॉर्जियन आणि आणखी कितीतरी भाषांतली. कोरडी हवा आणि न फुटलेला तट यांनी ती राखली. चर्मपत्र महाग असल्यानं जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. आता वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन खालची पुसलेली अक्षरं वाचतात. कॉकेशियन अल्बेनियन नावाची जवळजवळ हरवलेली भाषा अशीच इथल्या पुसलेल्या पानांतून पुन्हा वाचता आली.

आपल्याला जवळचा वाटेल असा एक धागाही या ग्रंथालयात आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी लेखक होऊन गेला. सीनायच्या खडकांवरच्या कोरीव अक्षरांबद्दल त्यानं लिहिलं, आणि भारताच्या किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' इथं पर्शियातून नेमलेला बिशप असतो, हेही. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या ग्रंथाची अकराव्या शतकातली सचित्र प्रत या मठात आहे. इथं छप्पर चढत होतं त्याच सुमारास अलेक्झांड्रियात कोणीतरी कल्याणबद्दल लिहीत होतं.

पण मठाचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक आता मठात नाही. चौथ्या शतकातली बायबलची ग्रीक प्रत, 'कोडेक्स सिनाईटिकस'. जर्मन विद्वान टिशेनडॉर्फ यानं 1844 मध्ये तिची 43 पानं नेली. पानं जाळण्याच्या टोपलीत सापडली, असं तो म्हणाला. मठाला ते आजही मान्य नाही. 1859 मध्ये त्यानं आणखी 347 पानं रशियाला नेली, परत करण्याची लेखी हमी देऊन. पानं परतली नाहीत. पुढे झारच्या नावे दानपत्र झालं, त्याच्या वैधतेवरून वाद सुरू राहिला, आणि 1933 मध्ये सोव्हिएत सरकारनं ती प्रत एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली. 1975 मध्ये मठाच्या उत्तरेकडच्या भिंतीतली एक बंद खोली उघडली तेव्हा याच प्रतीची 12 पानं निघाली. टिशेनडॉर्फनं लिहून दिलेली हमीची चिठ्ठी मठानं जपून ठेवली आहे.

मग आता मालक कोण?

ज्यांना सातबारा वाचता येतो त्यांना हा वाद लवकर समजेल. मालकी वेगळी आणि वहिवाट वेगळी. देवस्थान इनामाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या पुजारी कसतो, पण विकू शकत नाही. इस्माइलियाच्या निकालाचा गाभा साधारण याच जातीचा: राहा, प्रार्थना करा, वापरा, पण मालक सरकार. सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. 2002 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि पुरातन वास्तूंवर राज्याची मालकी असणं अनेक देशांत रूढ आहे.

मठाची भीती वेगळी आहे. इजिप्त सरकारनं या भागात मोठा पर्यटन प्रकल्प हाती घेतलाय: हॉटेलं, रस्ते, पाहुण्यांची वस्ती. वहिवाटदाराला उद्या शेजारी काय बांधावं यावर बोलता येईल का? शिवाय हा मठ म्हणजे नुसती इमारत नाही. ते एक स्वायत्त ऑर्थोडॉक्स (ग्रीसमध्येही चालणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचं) चर्च आहे, जगातल्या सर्वांत छोट्या चर्चांपैकी एक. त्याचे मठाधिपती हे आर्चबिशप असतात आणि त्यांना दीक्षा जेरुसलेमचे धर्मप्रमुख देतात. संन्यासी वीस-पंचवीस, बहुतेक ग्रीक. म्हणून अथेन्सला दुखतं. निकालानंतर मठातही फूट पडली. 1973 पासून पदावर असलेले आर्चबिशप दमियानोस 2025 च्या सप्टेंबरमध्ये पायउतार झाले.

इतका जुना कब्जा न्यायालयात सिद्ध करायचा तर पुरावा काय देणार, असा प्रश्न पडतो. पंजा उमटवलेलं पत्र? तुळईवरचा लेख?

तटाबाहेर बागेत एक छोटी इमारत आहे. जमीन खडकाळ, दफनाला जागा मोजकी. म्हणून संन्याशाला पुरतात, काही काळानं हाडं उकरून काढतात आणि या इमारतीत रचून ठेवतात. शतकानुशतकांच्या कवट्यांचा ढीग तिथं आहे. दाराशी मात्र एक सांगाडा वस्त्रं नेसवून बसवलेला आहे. तो स्टीफन. डोंगरावर जाणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेवर कमानीपाशी बसून तो यात्रेकरूंची पापकबुली ऐकायचा आणि मगच वर सोडायचा, असं सांगतात. परंपरेनुसार तो सहाव्या शतकातच वारला. म्हणजे ऐलाच्या स्टेफानोसचे सुतार कैच्या वर चढवत होते, ते त्यानं पाहिलेलं असू शकतं.